राजकीय विचारसरणींची पारख

निवडणुकीचे दिवस जवळ आले कीं सुशिक्षित कुटुंबांतून एक प्रसंग हमखास घडतो. रात्रीचीं पानें मांडलेलीं असतात. वडील दिवसभरांतील एखादी बातमी बोलून दाखवितात, कॉलेजांत जाणारा मुलगा तिच्यावर आपलें मत देतो, आणि वरणभात संपण्यापूर्वींच एक जण दुसऱ्यास ‘प्रतिगामी’ ठरवितो व दुसरा पहिल्यास ‘डावा’ म्हणून मोकळा होतो. शब्दानें शब्द वाढतो. शेवटीं घरांतील आजीबाई ‘आधीं जेवा’ म्हणून सांगतात आणि वाद थांबतो. थांबतो खरा, पण उलगडत नाहीं. ज्या शब्दांनीं दोघे एकमेकांस घायाळ करीत होते, त्यांपैकीं एकाचाही नेमका अर्थ कोणीं विचारला असता तर दोघांनाही घटकाभर अडखळावें लागलें असतें.

‘डावे’ आणि ‘उजवे’ हे शब्दच पाहावे. इ. स. १७८९ मध्यें फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेपुढें एक मोठा प्रश्न आला : लोकप्रतिनिधींनीं संमत केलेला कायदा नाकारण्याचा अधिकार राजास असावा कीं नसावा? राजाचा अधिकार राखूं पाहणारे सभासद अध्यक्षांच्या उजव्या हातास आणि तो तोडूं पाहणारे डाव्या हातास बसूं लागले. आज ती सभा नाहीं, तो राजाही नाहीं. शब्द मात्र राहिले. मुळांत हे शब्द एका विशिष्ट प्रश्नाचीं दोन उत्तरें होते. प्रश्न गळून पडला आणि बसण्याची दिशा तेवढी शिल्लक राहिली. म्हणूनच पुढें ज्याला जो अर्थ सोयीचा वाटला तो त्यानें त्यांत भरला.

राजकीय विचारसरणी म्हणजे पक्षाचें नांव नव्हे, निशाण नव्हे आणि घोषणा तर नव्हेच. कांहीं मूलभूत प्रश्नांना दिलेल्या आणि एकमेकांशीं जुळणाऱ्या उत्तरांची ती मालिका असते. माणसाचा स्वभाव मुळांत कसा आहे? राज्यसंस्थेचें काम कोठें सुरू होतें आणि कोठें संपतें? दोन हितांमध्यें विरोध आला तर प्रथम कोणाचें हित पाहावें? या तीन प्रश्नांचीं उत्तरें बदललीं कीं विचारसरणी बदलते. परंतु हे प्रश्न असे हवेंत विचारले तर उत्तरेंही हवेंतलींच मिळतात. सोन्याचा कस पाहावयाचा तर तें कसोटीच्या दगडावर घासावें लागतें. तसाच एखादा कठीण, रोजच्या जीवनांतला आणि ज्यांत माणसाचें सुखदुःख गुंतलें आहे असा प्रश्न घ्यावा आणि निरनिराळ्या विचारसरणींना तोच एक प्रश्न विचारून पाहावा. असा एक प्रश्न इतिहासांत तयारच आहे. तो म्हणजे गिरणींतील कामाच्या तासांचा.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडच्या लँकेशायर आणि यॉर्कशायर या परगण्यांत सूत व कापड यांच्या गिरण्या झपाट्यानें उभ्या राहिल्या. सात-आठ वर्षांचीं मुलें तेथें तुटलेला धागा जोडण्याचें आणि चालत्या यंत्राखालीं शिरून कापसाचा केर काढण्याचें काम करीत. दिवस बारा-तेरा तासांचा, आणि मागणी वाढली कीं त्याहूनही मोठा. १८०२ मध्यें पहिला कायदा झाला तो सर रॉबर्ट पील या गिरणीमालकानेंच पुढें आणला होता. पण तो उमेदवार मुलांपुरता होता. १८१९ च्या कायद्यानें सुती गिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांस मज्जाव केला आणि सोळा वर्षांपर्यंतच्यांस बारा तासांची मर्यादा घातली; पण कायदा पाळला जातो कीं नाहीं हें पाहावयास सरकारी तपासनीसच नव्हते. अशा कायद्याचें जें व्हावयाचें तेंच झालें. मग मागणी उठली ती दहा तासांच्या दिवसाची. कामाचा दिवस किती तासांचा असावा हें कायद्यानें ठरवावें काय? हा आपला कसोटीचा दगड.

आजच्या वाचकास प्रथम असें वाटेल कीं ही मागणी एखाद्या क्रांतिकारकानें केली असेल आणि जुन्या परंपरेच्या अभिमान्यांनीं तिला विरोध केला असेल. इतिहास वेगळेंच सांगतो. १८३० च्या ऑक्टोबरांत ‘लीड्स मर्क्युरी’ या पत्रांत यॉर्कशायरमधील गुलामगिरीविषयीं एक जळजळीत पत्र प्रसिद्ध झालें. तें लिहिणारा रिचर्ड ओस्लर हा राजा, धर्मपीठ व जमीनदारी यांचा कट्टर अभिमानी होता. पार्लमेंटांत दहा तासांचें विधेयक आणणारा मायकेल सॅडलर हुजूरपक्षाचा होता. त्याच्यानंतर ही धुरा वाहणारा लॉर्ड ॲश्ली, जो पुढें अर्ल ऑफ शाफ्ट्सबरी म्हणून ओळखला गेला, तोही त्याच पक्षाचा उमराव होता.

यांत विसंगति कांहींच नाहीं. परंपरावादी विचारसरणीचा मोठा भाष्यकार एडमंड बर्क यानें १७९० मध्यें फ्रान्सच्या क्रांतीवर ग्रंथ लिहून जी भूमिका मांडली ती अशी कीं, समाज म्हणजे फायद्यातोट्याची भागीदारी नव्हे; होऊन गेलेले, हयात असलेले आणि पुढें जन्मास येणारे अशा सर्वांना बांधणारा तो करार आहे. माणूस मोहाला बळी पडणारा प्राणी आहे. त्याला रूढि, कुटुंब, धर्म आणि वडीलधाऱ्यांचा धाक यांनींच सावरून धरलें आहे. ओस्लर आणि ॲश्ली यांना गिरणी ही या बंधनांवर कोसळलेली आपत्ति वाटली. आई पहांटे गिरणींत जाते, मूल तिच्या आधीं जातें. चूल थंड, घर ओस. मग कुटुंब उरलें कोठें? वरच्या वर्गानें खालच्याची काळजी वाहावी हा जुना धर्म; मालक तो विसरला असेल तर राज्यानें त्यास आठवण करून दिली पाहिजे, असें त्यांचें म्हणणें.

या विचाराचें बळ यांत दिसतें, तसें दुबळेपणही दिसतें. ज्या सॅडलरच्या अंतःकरणाला मुलांचे हाल पाहून पीळ पडला, तोच सॅडलर मतदानाचा अधिकार वाढविणाऱ्या सुधारणेच्या विरुद्ध होता. मजुरास भाकर मिळावी, विश्रांति मिळावी. पण त्याला राज्यकारभारांत बोलण्याचा हक्क कशाला, ही ती वृत्ति. दया वरून खालीं यावी, हक्क खालून वर जाऊं नये. शिवाय परंपरेचे सर्वच अभिमानी ॲश्लीच्या मागें होते असेंही नव्हे. १८४४ मध्यें दहा तासांची कलमें कॉमन्स सभेंत संमत होण्याचा रंग दिसतांच हुजूरपक्षाच्याच पील मंत्रिमंडळानें राजीनाम्याचा धाक घालून तीं पाडलीं. हा मुख्य प्रधान म्हणजे १८०२ चा कायदा आणणाऱ्या गिरणीमालक पीलचा मुलगा!

आतां विरोधकांकडे वळावें. दहा तासांच्या विधेयकाचा एक अत्यंत समर्थ विरोधक होता जॉन ब्राइट. त्यास कठोर काळजाचा भांडवलवाला म्हणून निकालांत काढणें सोपें आहे, पण तें खरें नाहीं. गरिबाच्या ताटांतील भाकर महाग करणाऱ्या धान्यावरील जकातीविरुद्ध याच ब्राइटनें आयुष्याचीं ऐन उमेदीचीं वर्षें खर्च केलीं आणि १८४६ मध्यें ती जकात उठविण्याचा निर्णय झाला. त्याच्या दोन्ही भूमिकांचें मूळ एकच होतें, तें म्हणजे उदारमतवाद. प्रत्येक प्रौढ माणसास आपलें हित कळतें. आपले श्रम कोणास, किती वेळ आणि किती दामानें विकावे हें ठरविण्याचा त्याचा हक्क पवित्र आहे. सरकारनें चोर-दरोडेखोर आवरावे, करार पाळले जातील असें पाहावें आणि एरवीं बाजूस राहावें. जें सरकार धान्याचा भाव ठरवूं पाहतें तें जितकें चुकतें, तितकेंच श्रमाचा दिवस ठरवूं पाहणारेंही चुकतें. लहान मुलांची गोष्ट वेगळी. त्यांना करार करण्याइतकी समज नसते हें उदारमतवाद्यांसही मान्य होतें. त्यामुळेंच १८३३ मध्यें व्हिग मंत्रिमंडळानें, म्हणजे उदारमताकडे झुकणाऱ्या सरकारनेंच, नऊ ते तेरा वर्षांच्या मुलांस दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली आणि अंमलबजावणीसाठीं पहिल्यांदाच चार सरकारी तपासनीस नेमले.

खरा झगडा मोठ्या माणसांच्या तासांविषयीं होता. कारण स्त्रिया आणि मुलें थांबलीं कीं यंत्रेंही थांबणार आणि पुरुषांचाही दिवस आपोआप लहान होणार, हें दोन्ही बाजूंस ठाऊक होतें. १८३७ मध्यें नॅसॉ सीनियर या अर्थशास्त्रज्ञानें हिशेब मांडून दाखविला कीं गिरणीचा निव्वळ नफा शेवटच्या एका तासांतून निघतो. तो तास काढला कीं नफा गेला, आणि नफा गेला कीं गिरणी गेली व तिच्याबरोबर मजुराची भाकरही गेली. हिशेब आंकड्यांचा असल्यामुळें भारदस्त वाटला. पुढें कायदा झाला, दिवस दहा तासांचा झाला, आणि लँकेशायरचा धंदा बुडण्याऐवजीं वाढतच गेला.

परंतु उदारमतवाद म्हणजे केवळ ब्राइट आणि सीनियर नव्हेत. हिंदुस्थानांतील इंग्रजी शिक्षण व दंडसंहिता यांमुळें ज्याचें नांव येथें सर्वांस परिचित आहे तो मेकॉले पक्का उदारमतवादी. त्यानें १८४६ च्या मे महिन्यांत दहा तासांच्या विधेयकाच्या बाजूनें भाषण केलें. शेंकडों वर्षें इंग्रज लोक सातांतला एक दिवस विश्रांति घेत आले आहेत. त्यामुळें राष्ट्र दरिद्री झालें काय? उलट, धन निर्माण करणारें मुख्य साधन यंत्र नसून माणूस आहे, आणि विश्रांतीनें त्या साधनाची दुरुस्ती होते, असा त्याच्या युक्तिवादाचा आशय होता. दोन वर्षांनीं जॉन स्टुअर्ट मिल यानें आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथांत आणखी एक सूक्ष्म मुद्दा मांडला. समजा, दिवस लहान झाल्यास सर्व मजुरांचें भलें होणार आहे. तरीही एकटा मजूर तो लहान करूं शकत नाहीं, कारण तो लौकर घरीं गेला तर त्याच्या जागीं दुसरा उभा राहील. अशा वेळीं कायदा मजुराच्या इच्छेस आड येत नाहीं. जी इच्छा त्यास एकट्यानें पुरी करतां येत नाहीं ती पुरी करण्यास तो साह्य करतो. स्वातंत्र्य हेंच दैवत मानणाऱ्या विचारसरणींतून दोन वाटा कशा फुटतात याचें हें उत्तम उदाहरण होय. एक वाट म्हणते, स्वातंत्र्य म्हणजे कोणी न अडविणें; दुसरी म्हणते, स्वातंत्र्य म्हणजे खरोखर निवड करण्याचें सामर्थ्य असणें.

तिसरें उत्तर समाजसत्तावादाचें, ज्याला आज समाजवाद म्हणण्याची रूढि आहे. त्याचा इंग्लंडांतील आद्य पुरस्कर्ता रॉबर्ट ओवेन हा स्वतः गिरणीचा चालक होता. १८०० पासून स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क येथील गिरण्या त्यानें चालविल्या. दहा वर्षांखालील मुलांस त्यानें यंत्रावर न ठेवतां शाळेंत बसविलें, कामाचे तास कमी केले आणि तरीही नफा मिळवून दाखविला. माणसाचा स्वभाव घडीव आहे, परिस्थिति त्यास घडविते, म्हणून आधीं परिस्थिति बदला, ही त्याची शिकवण. त्याच्यामागून आलेल्या कार्ल मार्क्सला मात्र समजूतदार मालकांवर भिस्त ठेवणें भाबडेपणाचें वाटलें. १८६७ सालच्या ‘भांडवल’ ग्रंथांत त्यानें कामाच्या दिवसावर एक प्रदीर्घ प्रकरण लिहिलें, सीनियरच्या शेवटच्या तासाची यथेच्छ थट्टा केली, आणि आपला मुद्दा मांडला : यंत्र ज्याच्या मालकीचें आहे तो दिवस ताणणार, श्रम ज्याचे आहेत तो दिवस आखडणार; दोघांचाही हक्क बाजाराच्या नियमांप्रमाणें सारखाच, तेव्हां निकाल संघटित बळानेंच लागणार. कायदा हवा, पण तो कोणाच्या दयेचें दान म्हणून नको. मजूरवर्गानें लढून मिळविलेला विजय म्हणून हवा. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. या प्रकरणासाठीं मार्क्सनें जो पुरावा वापरला त्याचा मोठा भाग सरकारी तपासनीसांच्या अहवालांतला होता. म्हणजे उदारमतवाद्यांनीं नेमलेल्या अधिकाऱ्यांनीं खरें लिहून ठेवलें, आणि त्यांच्या कट्टर विरोधकानें त्याचा आधार घेतला.

शेवटीं १८४७ मध्यें स्त्रिया आणि अठरा वर्षांखालील तरुण यांच्यासाठीं दहा तासांचा कायदा झाला. पण तो झाला कसा? ॲश्ली त्या वेळीं पार्लमेंटांत नव्हताच. विधेयक आणलें जॉन फील्डन यानें. हा जहाल मताचा, आणि पुन्हा गिरणीमालकच! सरकार व्हिगांचें. बाजूनें मत देणाऱ्यांत धर्मबुद्धीचे उमराव होते, मेकॉलेसारखे उदारमतवादी होते, आणि आदल्या वर्षीं धान्याची जकात उठल्यामुळें गिरणीमालकांवर डूख धरून बसलेले जमीनदारही होते. सभागृहाबाहेर मजुरांच्या समित्यांनीं वर्षानुवर्षें चळवळ चालविली होती. एकाच कायद्याच्या मागें इतके निरनिराळे हेतु! यावरून एक धडा मिळतो : कोणी काय मागतो एवढ्यावरून त्याची विचारसरणी कळत नाहीं, तो तें कां मागतो हें पाहावें लागतें. आज बरोबर असलेले दोघे उद्यां कोठें विभक्त होतील, हेंही त्या ‘कां’ वरूनच कळतें.

हाच प्रश्न पुढें मुंबईच्या किनाऱ्यास लागला. १८५६ मध्यें ताडदेव येथें कावसजी नानाभाई दावर यांची पहिली सुती गिरणी सुरू झाली आणि पाहतां पाहतां गिरणगांव उभें राहिलें. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम आणि ठराविक साप्ताहिक सुटी नाहीं, अशी स्थिति होती. १८८१ मध्यें पहिला फॅक्टरी कायदा झाला. त्यानें सात वर्षांखालील मुलांस मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांस नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ मजुरांविषयीं त्यांत अवाक्षर नव्हतें.

येथें, इंग्लंडांत ज्याचें कारण पडलें नव्हतें तें एक चौथें उत्तर पुढें आलें : राष्ट्रवादाचें. त्या काळच्या बहुतेक देशी वृत्तपत्रांनीं आणि पुढाऱ्यांनीं या कायद्यास विरोध केला. त्यांना मजुरांची कणव नव्हती असें नव्हे. परंतु कायद्याची मागणी लँकेशायरचे गिरणीवाले करीत होते, आणि त्याच लँकेशायरच्या सोयीसाठीं १८८२ मध्यें विलायती कापडावरील आयात जकात उठविण्यांत आली. जो प्रतिस्पर्धी आपल्या मालाची जकात माफ करून घेतो, त्यास मुंबईच्या मजुराचा एकाएकीं कळवळा कां यावा? ही शंका रास्त होती. परक्या सत्तेखालीं असलेल्या देशाचें हित प्रथम, वर्गाचें हित नंतर, असा हा क्रम. पण शंका रास्त असली म्हणून दिवसभर साच्यापाशीं उभें राहणाऱ्या बाईचे पाय दुखावयाचे थांबत नाहींत, हेंही तितकेंच खरें.

त्या दुखण्यास वाचा फोडली नारायण मेघाजी लोखंडे यांनीं. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे ते कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं मुंबईंत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारें ५,५०० सह्यांचा अर्ज सरकारनें नेमलेल्या कमिशनकडे दिला. मागण्या किती साध्या! रविवारीं सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विसावा मिळावा. सकाळीं साडेसहापूर्वीं काम सुरू होऊं नये आणि सूर्यास्तास थांबावें. महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत मिळावा. यंत्रावर अपघात झाल्यास भरपाई मिळावी. लोखंडे यांचा विचार परंपरावादी नव्हता, मार्क्सचाही नव्हता आणि त्या काळच्या राष्ट्रवाद्यांचाही नव्हता. राबणारा माणूस, मग तो कोणत्याही जातीचा असो, माणूस म्हणून इतरांच्या बरोबरीचा आहे, या सत्यशोधकी समतेच्या खडकावर तो उभा होता. १८९० च्या जून महिन्यांत गिरणीमालकांच्या संघानें रविवारची सुटी मान्य केली. मेकॉलेनें पार्लमेंटांत ज्या विश्रांतीच्या दिवसाचा हवाला दिला होता, तोच दिवस मुंबईच्या मजुरानें चव्वेचाळीस वर्षांनीं आपल्या हिमतीवर मिळविला. पुढल्याच वर्षीं झालेल्या कायद्यानें स्त्रियांस अकरा तासांची मर्यादा आणि सर्वांस साप्ताहिक सुटी दिली.

राष्ट्रवाद आणि मजूर यांच्यांतील अंतर कायम राहिलें नाहीं. १९०८ च्या जुलैंत लोकमान्य टिळकांस सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हां मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस साचे बंद ठेवले. १९१८ मध्यें अहमदाबादेस महात्मा गांधींनीं मजुरांच्या संपाचें नेतृत्व केलें. गिरणीमालकांचे अग्रणी होते अंबालाल साराभाई आणि मजुरांच्या बाजूस त्यांची स्वतःची बहीण अनसूयाबेन! या लढ्यांतून जो विचार दृढ झाला तो विश्वस्तवृत्तीचा : धनिकानें आपलें धन समाजाची ठेव समजावें, मजुरानें द्वेष न करतां सत्याग्रह करावा, तंटा लवादानें मिटवावा. मार्क्सच्या अनुयायांना हा विचार भाबडा वाटला. गांधींच्या अनुयायांना वर्गयुद्ध हें हिंसेचें बीज वाटलें. एकाच्या मतें मालकाचें मन बदलूं शकतें. दुसऱ्याच्या मतें मालकाची जागाच तशी आहे कीं तीवर बसलेल्याचें मन बदलून भागत नाहीं.

हा भेद १९३८ मध्यें मुंबई प्रांतांत उघड्यावर आला. काँग्रेस मंत्रिमंडळानें औद्योगिक तंट्यांचें विधेयक आणलें. संपापूर्वीं तडजोडीची ठराविक वाट चाललीच पाहिजे, नाहीं तर संप बेकायदा, असा त्याचा गाभा होता. सरकारचें म्हणणें, सलोखा हा संपापेक्षां मजुरास अधिक हितकर. स्वतंत्र मजूर पक्षाचे पुढारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें म्हणणें, काम नाकारण्याचा हक्क काढून घेतला तर उरते ती गुलामगिरी. ७ नोव्हेंबर रोजीं जो एक दिवसाचा संप झाला त्यांत आंबेडकर आणि कम्युनिस्ट एकत्र होते. जातीच्या प्रश्नावर आणि क्रांतीच्या मार्गावर त्यांचे तीव्र मतभेद असूनही. पुढें १९४२ ते १९४६ या काळांत आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत मजूर खात्याचे सदस्य होते, आणि १९४६ च्या दुरुस्तीनें बारमाही कारखान्यांतील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. म्हणजे लँकेशायरच्या दहा तासांहूनही मुंबईचा दिवस आतां लहान झाला.

इतका वेळ ज्या विचारसरणींची ओळख झाली त्या परस्परांशीं भांडल्या, पण एकमेकींचें तोंड त्यांनीं कायमचें बंद केलें नाहीं. विसाव्या शतकांत अशाही राजवटी निर्माण झाल्या कीं ज्यांनीं भांडणाची जागाच मोडून टाकली. इटलींतील फॅसिस्ट सरकारनें १९२६ मध्यें संपास बंदी केली आणि आपल्याखेरीज इतर मजूरसंघांची मान्यता संपविली. जर्मनींत नाझींनीं २ मे १९३३ रोजीं मजूरसंघांचीं कार्यालयें ताब्यांत घेतलीं. दोन्हीकडे उत्तर एकच : राष्ट्र हेंच सर्वस्व, व्यक्ति आणि वर्ग कांहींच नव्हे. रशियांत १९१७ मध्यें क्रांतीनंतर अवघ्या कांहीं दिवसांत आठ तासांचा दिवस जाहीर झाला होता. पण त्याच रशियांत जून १९४० च्या हुकुमानें दिवस आणि आठवडा वाढविले गेले व परवानगीवांचून नोकरी सोडणें हा गुन्हा ठरला. मजुरांच्या नांवानें चालणाऱ्या राज्यांत त्या हुकुमाविरुद्ध संप पुकारण्याची सोय मजुरास नव्हती. म्हणून आरंभींच्या तीन प्रश्नांना एक चौथा जोडणें अवश्य आहे : या विचारसरणीच्या राज्यांत तिला ‘नाहीं’ म्हणणाऱ्याचें काय होतें? पहिल्या तीन प्रश्नांचीं कितीही गोड उत्तरें मिळालीं तरी चौथ्याचें उत्तर कडू असेल तर सावध व्हावें.

हा सगळा जुना इतिहास झाला असें कोणी समजूं नये. २०२० मध्यें महामारीच्या काळांत गुजरात सरकारनें अधिसूचना काढून कारखान्यांस रोज बारा तासांपर्यंत काम घेण्याची मुभा दिली आणि जादा तासांचा दुप्पट मोबदलाही वगळला. त्याच वर्षींच्या १ ऑक्टोबरास सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द केली. त्याच वर्षीं संसदेनें संमत केलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेंत एका नव्या कामकऱ्याची व्याख्या प्रथमच आली : मोबाइलवरील सूचना पाहून घरोघरीं जेवण आणि जिन्नस पोंचविणाऱ्या, ठराविक मालक नसलेल्या तरुणाची. त्याचा दिवस किती तासांचा असावा? एक म्हणेल, तो स्वतंत्र आहे. हवें तेव्हां यंत्रणा सुरू करतो, हवें तेव्हां बंद करतो, त्यास अडवूं नका. दुसरा म्हणेल, दर कोणी तिसराच ठरवितो, मग चौदा तास फिरल्याखेरीज ज्याचें भाडें निघत नाहीं त्याचें स्वातंत्र्य कसलें? तिसरा म्हणेल, त्याच्या घरीं म्हातारे आईबाप वाट पाहत आहेत, त्यांचें काय? चौथा म्हणेल, यंत्रणेची मालकी कोणाची, हें आधीं सांगा. पांचवा विचारील, परदेशी कंपन्यांपुढें देशी धंदा टिकेल असा नियम कोणता? हे पांचही आवाज ओळखीचे आहेत. ब्राइट, मिल, ॲश्ली, मार्क्स आणि जकातीच्या काळांतले आमचे संपादक यांचेच ते आवाज आहेत.

यांपैकीं कोणता स्वीकारावा हें ज्याचें त्यानें ठरवावें. तोच लोकशाहींतील मतदाराचा अधिकार आणि तेंच त्याचें ओझें. परंतु ठरविण्यापूर्वीं समोरच्याचें ‘कां’ ऐकून घेतलें पाहिजे. दहा तासांच्या दिवसास नुसती दया पुरी पडली नाहीं, नुसता हिशेब पुरा पडला नाहीं आणि नुसता लढाही पुरा पडला नाहीं; आपापल्या कारणांनीं आलेल्या माणसांना एका मागणीपाशीं थांबावें लागलें. ज्या घरांत मुलगा वडिलांना आणि वडील मुलाला ‘तुम्हांला असें कां वाटतें?’ हा एक प्रश्न खऱ्या जिज्ञासेनें विचारतील, त्या घरांतील जेवण कदाचित् थोडें लांबेल. परंतु जेवण घेऊन आलेला तरुण दारांत उभा असतांना त्याच्याविषयीं जो निर्णय त्या घरांतून मतपेटीकडे जाईल, तो शिव्यांवर न बेततां विचारावर बेतलेला असेल.